कृतीतून शिक्षण, पुराव्यासह
1937 साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तव्यवसायाच्या द्वारे विद्या शिकविण्याचा जो विचार मांडला गेला, आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 ने कृती, शोध व अन्वेषण यांतून अध्ययन व्हावे असे सांगून त्याच्याच एका अंगास जे वैधानिक अधिष्ठान दिले, त्यायोगे हे तत्त्व सहावी-सातवीच्या वर्गांत आता इतके दृढमूल झाले आहे की, कृती नेमकी कोणी करावयाची हा क्षुल्लक तपशील तेवढा ठरावयाचा राहिला आहे. ज्वालामुखीचा प्रकल्प घ्या. कागदाच्या लगद्याचा डोंगर वडील रचतात, खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांचे प्रमाण आई ठरविते (आमच्या पेठेतील दुकानदार तर तयार डोंगरच विकतो, आणि वहीतले अक्षर बालसुलभ हवे असल्यास तीही तजवीज करतो), आणि ज्याच्या सुप्त गुणांचा विकास व्हावयाचा ते चिरंजीव निर्धास्तपणे निद्रासुख अनुभवतात. दुसऱ्या दिवशी वर्गात फेस उसळतो, टाळ्या पडतात. परंतु हा सारा प्रताप कर्बाम्ल वायूचा असून खऱ्या पर्वताचा उद्रेक सोड्याने होत नसतो, एवढे सांगण्याची उसंत गुरुजींस नसते, कारण ते त्या वेळी उपक्रमाचे छायाचित्र वरिष्ठांच्या दप्तरी रवाना करण्यात गर्क असतात. छायाचित्रात फळ्यावरील दिनांक स्पष्ट दिसलाच पाहिजे, अशी सक्त ताकीद असते. फेस न दिसल्यास हरकत नसते.