पाहिजे : एक गरीब बाप

जून उजाडला की नांदेड-लातुरात गरिबांना बरे दिवस येतात. पाऊस लांबलेला असो, बियाण्याची थैली महागलेली असो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’चा निकाल लागला की इकडे आयटीआय चौकापासून भाग्यनगरापर्यंत आणि तिकडे शिवाजी चौकापासून उद्योग भवनापर्यंत विजेचा एक खांब मोकळा सापडत नाही. खांबावर फ्लेक्स, फ्लेक्सवर पोरगं, पोराच्या तोंडात पेढा, पेढ्यामागे क्लासच्या संचालक सरांची अंगठीवाली बोटं. आणि पार कडेला, अर्धा कापला जाईल की काय अशा बेताने उभा असलेला, टोपीतला एक बाप. खाली ठळक अक्षरात : ‘ऊसतोड मजुराचा मुलगा होणार डॉक्टर!’

माझा सगळा जीव या बापावर आहे. पोराने अभ्यास केला, त्याचं त्याला मिळालं. बाप मात्र नीट निरखून बघा. एका फ्लेक्सवर त्याच्या हातात कोयता होता. जूनमध्ये कोयता! गाळप उन्हाळा लागता लागता आटोपतं, टोळ्या गावी परततात, कोयता आढ्याला खोचला जातो. म्हणजे तो खास फोटोसाठी उतरवला, पुसला आणि ट्रॅव्हल्सने शहरात आणला. सत्काराचा निरोप आल्यावर बापाने बिचाऱ्याने नवा सदरा काढला असणार. क्लासवाल्याचा फोन आला असणार, “बाबा, रोजचाच घालून या.” आणि बाप बायकोला म्हणाला असणार, “जुनाच घाल म्हनायलेत गं. गरिबी दिसाय पाहिजे म्हनं.”

फ्लेक्सवर बापांची एक उतरंड असते आणि ती फार काटेकोर आहे. सगळ्यात वर ऊसतोड. त्याच्या खालोखाल भूमिहीन शेतमजूर. मग अल्पभूधारक, तोही कोरडवाहू. मग रिक्षावाला, पाणीपुरीवाला, हमाल. शिवणकाम करणारी विधवा आई या सगळ्यांना मागे टाकते, पण दरवर्षी मिळत नाही. जिल्हा परिषदेच्या मास्तरांचं पोर असलं तर नुसतं नाव आणि मार्क छापतात. आणि डॉक्टरांचा मुलगा? ‘डॉक्टरांचा मुलगा होणार डॉक्टर’ असा फ्लेक्स कुणी पाहिला असेल तर दाखवावा, मी त्या खांबाला हार घालीन. त्याच्या बापाचा धंदा निकालाच्या दिवशी गुप्त राहतो. क्लासचा माणूस फॉर्म घेऊन बसलेला मला दिसतोच आहे. “जमीन किती?” “दोन एकर.” “विहीर?” “हाय की.” “विहीर सांगू नका. घर?” “पत्र्याचं. औंदा स्लॅब टाकायचाय.” “थांबा ना महिनाभर! फोटो होऊ द्या, मग टाका.” “बायको काय करते?” “माझ्यासंगं उसाला.” “वा! दोघांचा फोटो घेऊ. वहिनींना म्हणावं, मोळी डोक्यावर घेता येईल का?” जूनमध्ये उसाची मोळी कुठून आणायची, यावर मग बैठक बसते. रसवंतीवाल्याकडून चार कांड्या आणू, असं ठरतं. साऱ्या मराठवाड्यात गरिबाला पहिला नंबर देणारी ही एकमेव यादी आहे, तिची टिंगल मी का करतो कोण जाणे.

या फ्लेक्सला पुरावा लागत नाही, हेही एक सुख. तोच बाप पोराच्या शिष्यवृत्तीसाठी तहसीलमध्ये गेला की त्याची गरिबी संशयास्पद होते. तलाठी जाग्यावर नाही, सर्व्हर डाऊन, स्वयंघोषणापत्र जोडा, रेशनकार्डावर नाव वेगळं. आणि ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या, त्याला आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला घरपोच. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालं. निर्णय चांगला आहे. पण त्याच्या दारावरही तोच दाखला बसलेला आहे.

बरं, फ्लेक्सवरून नजर काढून क्लासच्या आत डोकावा. रविवारी टेस्ट, सोमवारी यादी, यादीप्रमाणे बॅच. पहिल्या बॅचला एसी आणि खुद्द सर. शेवटच्या बॅचला पत्रा, एक घरघरणारा पंखा आणि परवापर्यंत त्याच बाकावर बसणारा एक पोरगा, मास्तर म्हणून. सगळं गुणवत्तेवर, जात-पात काही विचारत नाहीत! आठवीपासून फाउंडेशन लावलेलं, घरात वेगळी खोली असलेलं पोर पहिल्या बॅचला लागतं. मुखेड-कंधारच्या डोंगराळ भागातल्या तांड्यावरची जी पोरगी दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीच्या कोपीवर जायची, धाकट्याला सांभाळायची आणि परीक्षेपुरती गावच्या शाळेत यायची, ती शेवटच्या बॅचला. तीही गुणवत्तेवरच.

आता फी. पहिल्या बॅचमधल्या हिऱ्यांना सवलत असते, काहींना पूर्ण माफी असते, कारण त्यांचे फोटो लागतात. पूर्ण फी भरतो तो मागच्या बाकावरचा. थोडक्यात, फ्लेक्सवरच्या गरीब पोराची फी, फ्लेक्सवर कधीच न येणारी गरीब पोरं भरतात, आणि सत्कार सर करतात. इथे मला हसू येईनासं होतं. त्या मागच्या बाकावरच्या पोरीच्या बापाने ही फी मुकादमाच्या उचलीतून भरलेली असते. उचल फेडायची म्हणजे नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे फडात, रात्री-बेरात्री गाडी भरायला. दोघांतला एक आजारी पडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर. पोरीला 412 मार्क पडले तर तो बाप गरीब राहतो, फक्त त्याची गरिबी प्रेरणादायी राहत नाही. त्याला फोटोला कुणी बोलवत नाही. उलट तोच फ्लेक्स दाखवून पोरीला ऐकवतात, “बघ, त्याचाही बाप ऊसच तोडतो. तुला काय धाड भरली होती?” फ्लेक्सचं खरं काम हे आहे. एकाला खांबावर चढवायचं आणि बाकीच्यांना सांगायचं की चूक तुमचीच.

2024 ला नीटसाठी देशभरातून सुमारे 24 लाख नावं नोंदली गेली. तेव्हा एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. हे गणित कुठल्या क्लासच्या फळ्यावर मी पाहिलेलं नाही.

आणि समान संधी म्हणजे काय, हे आपल्याला कळत नाही अशातला भाग नाही. वैद्यकीय प्रवेशाचं 70:30 आठवतंय? ज्या विभागातलं पोर, त्याच विभागात 70 टक्के जागा. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून आपल्या पोरांना तेवढ्याच मार्कांवर घरी बसावं लागायचं आणि पलीकडच्याला सीट मिळायची. आपण बोंब मारली, बरोबर मारली, आणि सप्टेंबर 2020 मध्ये ते सूत्र रद्द झालं. सुरुवातच सारखी नाही तर मार्कांची तुलना कसली, हा मुद्दा तेव्हा लातूर-नांदेडच्या पानटपरीवरच्या माणसालाही पाठ होता. तोच मुद्दा तांड्यावरच्या पोरीने मांडला की मात्र आपण तिला खांबाकडे बोट दाखवतो. पुण्या-मुंबईने आपल्याला मागास म्हटलं की अन्याय, आपण मुखेडला म्हटलं की गुणवत्ता.

तेव्हा संचालक सर, एक विनंती. पुढच्या जूनमध्ये फ्लेक्स जरूर लावा, पेढाही भरवा. फक्त खाली कोपऱ्यात, बापाच्या पायाशी जी मोकळी जागा उरते, तिथे दोन आकडे छापा : यंदा एकूण किती पोरांकडून फी घेतली, आणि त्यातल्या किती जणांना सरकारी कॉलेज मिळालं. आणि त्या बापाला नव्या सदऱ्यावर येऊ द्या.