समांतर कारकीर्द

राजकारणात यायचंय म्हणणाऱ्या पोरांना आम्ही एकच सल्ला देतो. पक्ष कुठलाही धरा, विचारसरणीचं नंतर बघू, आधी वॉर्डातल्या लाईनमनशी ओळख वाढवा. छत्रपती संभाजीनगरात विधानसभेचा रस्ता जलकुंभाखालून जातो. आपल्या गल्लीला पहाटे पाणी सुटणार की नाही, हे ज्याला आदल्या रात्री कळतं तो नगरसेवक. ज्याला कळत नाही, पण ज्याच्याकडे टँकर आहे, तो पुढच्या वेळचा नगरसेवक.

चंद्रकांत खैरे यांचीच वाटचाल बघा. 1988 साली महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि खैरे नगरसेवक झाले. 1990 ला आमदार, 1995 ला पुन्हा आमदार, मग मंत्री, आणि 1999 पासून सलग चार वेळा खासदार. महापालिकेतून संसदेत पोहोचायला त्यांना अवघी अकरा वर्षं लागली. पैठणच्या नाथसागरातून पन्नास-पंचावन्न किलोमीटर पाणी आणायला शहराला किती वर्षं लागतात, ते अजून मोजायचं चालू आहे. 'समांतर' जलवाहिनीचा करार 2016 साली गुंडाळला गेला. पुढे 1680 कोटींची नवी योजना आली, डिसेंबर 2020 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते भूमिपूजन झालं, मग मुख्यमंत्री बदलले आणि योजना 2740 कोटींची झाली. पाणी वाढायच्या आधी आकडा वाढला. सुरुवात कुठून तरी व्हायलाच हवी.

2019 ला खैरे 4492 मतांनी पडले. त्या आठवड्यात दोन-चार वसाहतींना वेळेवर पाणी सुटलं असतं तर, हा हिशेब आम्ही करणार नाही. निवडून आलेले इम्तियाज जलील पूर्वी पत्रकार. प्रश्न विचारायची सवय असलेला माणूस खासदार झाला, त्यामुळे प्रश्नांचा पुरवठा तरी रोज सुरू राहिला. 2024 ला संदिपान भुमरे जिंकले. भुमरे तेव्हा पैठणचे आमदार. म्हणजे पैठणहून पाणी यायच्या आधी खासदार आला. जलवाहिनीचं काम बघणाऱ्यांनी या वेगाचा अभ्यास करावा.

प्रदीप जैस्वाल महापौर होते, 1996 ला थेट दिल्लीला गेले आणि तिथून फिरून 2009 ला विधानसभेत उतरले. संजय शिरसाट यांनी महापालिकेपासून सुरुवात केली, 2009 पासून ते आमदार आहेत आणि आता मंत्री. या सगळ्यांचा प्रवाह कुठे अडला नाही. गळती झाली ती पक्षांना.

मग पाण्याचंच का अडतं? उत्तर सोपं आहे. योजना पूर्ण झाली की एकच फीत कापता येते. अपुरी राहिली की भूमिपूजन, पाहणी दौरा, ठेकेदाराला दम, सुधारित मान्यता, विरोधात असलो तर हंडा मोर्चा, सत्तेत असलो तर चौकशीचं आश्वासन. एवढ्यात दोन निवडणुका आरामात निघतात. मध्येच उच्च न्यायालयाचं खंडपीठ लक्ष घालतं, तेवढाच काय तो अडथळा.

एप्रिल 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. एवढा काळ शहरात एकही नगरसेवक नव्हता. लोकांना वाटलं, आता आपलं कसं होणार? काही झालं नाही. पाणी पूर्वीसारखंच, काही दिवसांआड येत राहिलं. नगरसेवक असला काय नि नसला काय, गॅप तोच! माजींनी हा निष्कर्ष मनाला लावून घेतला नाही आणि नव्या जोमाने तिकिटाच्या रांगेत उभे राहिले.

परदेशातल्या नेत्यांची मात्र दया येते. कॅनडातले डग फोर्ड 2010 ते 2014 टोरांटोत नगरसेवक होते आणि 2018 साली ऑन्टारिओ प्रांताचे प्रमुख झाले. नळाला रोज पाणी येणाऱ्या शहरातला माणूस, प्रचारात मुद्दा आणणार कुठून? शेवटी त्यांनी एक डॉलरला बिअर देण्याचं आश्वासन दिलं. आमच्याकडे हे चाललं नसतं. आमच्या एमआयडीसीत बिअर बनतेच, आणि 2016 च्या दुष्काळात मद्य कारखान्यांचं पाणी कापा, असं खंडपीठाला सांगावं लागलं होतं. इथल्या मतदाराला बिअर नको, तिच्यातलं पाणी हवंय.

उगाच कुणी निजामशाहीतल्या मलिक अंबरचं उदाहरण देऊ नये. त्याने सतराव्या शतकात नहर खोदली, हर्सूलच्या बाजूने पाणी खेळवत शहरात आणलं, ना भूमिपूजनाचा फलक, ना सुधारित अंदाजपत्रक. पण पुढे काय झालं? 1626 साली तो गेला आणि 1633 साली निजामशाहीचा दौलताबाद मोगलांच्या हाती पडला. काम पुरं करणाऱ्याच्या पक्षाचं असंच होतं.