लिफ्टमधली माफी

मराठी माणूस सर्वांत मोकळेपणाने माफी मागतो ती देवाची. सत्यनारायणाची पूजा आटोपत आली की गुरुजी यजमानाला हात जोडायला लावतात आणि त्याच्या वतीने एका दमात सगळं कबूल करून टाकतात. आवाहन येत नाही, पूजा येत नाही, मंत्रात चुकलं असेल, भक्तीत कमी पडलं असेल. यजमानाचं लक्ष तेव्हा प्रसादाच्या शिऱ्याकडे असतं. देव हरकत घेत नाही, मंडळी पानावर बसतात. लग्नपत्रिकेच्या तळाशीही अशीच एक माफी असते: नजरचुकीने निमंत्रण राहिले असल्यास क्षमस्व. ज्याला पत्रिका मिळाली तोच ती वाचतो. ज्याचं निमंत्रण खरोखर राहिलं, त्याच्यापर्यंत ती पोचायची सोयच नाही.

पंचाईत होते ती समोर जिवंत, दुखावलेला आणि चांगली स्मरणशक्ती असलेला माणूस उभा राहिला की.

आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टँकरच्या पाण्याचा हिशेब मागितला. त्यावर अध्यक्षांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांची थकबाकी आहे त्या फुकट्यांनी हिशेब विचारू नयेत.' पुढे निघालं ते असं की काकांचा चेक ऑफिसच्या खणात वह्यांखाली पडला होता. चूक अध्यक्षांना मान्य होती. त्यांनी काकांना लिफ्टमध्ये गाठलं. दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात म्हणाले, "काका, ते जरा गडबडीत झालं हो. मनावर घेऊ नका." काका दार उघडून बाहेर पडले आणि वळून म्हणाले, "मनावर नाही, ग्रुपवर घेतलंय. ग्रुपवरच परत करा."

सोसायटीत यावर दोन तट पडले. बहुमत 'आता काका ताणतायत' या बाजूचं. मी मात्र काकांच्या बाजूचा, आणि माझ्या पाठीशी कॅनडातले शीख आहेत.

१९१४ साली 'कोमागाता मारू' नावाचं जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला लागलं. बहुतेक प्रवासी पंजाबी शीख. मायदेशातून थेट, मध्ये न थांबता आलेल्यालाच उतरू द्यायचं, असा नियम तिथे आधीच करून ठेवलेला होता आणि हिंदुस्थानातून तसं जहाज येतच नव्हतं. दोन महिने बंदरात ताटकळवून जहाज परत पाठवलं. कलकत्त्याजवळ बजबज इथे उतरताना पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. पुढे २००८ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी सरे शहरातल्या एका मैदानात, मेळ्याच्या व्यासपीठावरून माफी मागितली. ते निघून गेल्यावर आयोजकांनी जमलेल्या लोकांना हात वर करायला सांगितले आणि माफी तिथल्या तिथे नामंजूर झाली. म्हणणं एवढंच होतं की जत्रेत नको, पार्लमेंटात मागा. सरकारकडून उत्तर आलं, माफी दिलेली आहे, पुन्हा मिळणार नाही. (रेशन दुकानाचा सूर थेट ओटावापर्यंत पोचलेला पाहून मला भरून आलं.) शेवटी १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभं राहून माफी मागितली, तेव्हा ती लागू पडली. मैदानातली माफीही माफीच होती, पण तिची जागा माफी मागणाऱ्याने आपल्या सोयीने निवडली होती. आमच्या लिफ्टसारखीच.

अर्थात जागा बरोबर असली म्हणजे काम झालं असंही नाही. जालियनवाला बागेतल्या हत्याकांडाला शंभर वर्षं पुरी व्हायला तीन दिवस असताना तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे ब्रिटिश पार्लमेंटात बोलल्या. सभागृह योग्य, मुहूर्त योग्य, आवाज गंभीर. खेद व्यक्त झाला. माफी तेवढी राहिली. लग्नपत्रिकेसारखी नजरचुकीने राहिली, असं म्हणायलाही वाव नाही. तोलून मापून राहिली.

उलट जपान. नोव्हेंबर २०१७ मध्ये तोक्योजवळच्या त्सुकुबा मार्गावरची गाडी एका स्टेशनातून ठरलेल्या ९:४४:४० ऐवजी ९:४४:२० ला सुटली. एकाही प्रवाशाची तक्रार नव्हती, तरी कंपनीने जाहीर माफी मागितली. आपल्याकडे ९:४४ ची ९:५१ ला आली तरी आपण तिला प्रेमाने ९:४४ च म्हणतो, त्यामुळे ही बातमी डोंबिवलीत कल्पित साहित्य म्हणून वाचली गेली असावी. मला जपानी माणसाचं कौतुक आहे, पण वीस सेकंदांची माफी परवडते. तिच्यात कोणाचं काही जात नाही.

जातं तिथे वकील येतो. माफी म्हणजे कबुली, कबुली म्हणजे भरपाई, म्हणून तोंड मिटून बसा, असा त्याचा सल्ला. यावर तोड म्हणून ब्रिटिश कोलंबियाने, म्हणजे त्या व्हँकुव्हरच्याच प्रांताने, २००६ मध्ये कायदा केला की मागितलेली माफी कोर्टात दोषाचा पुरावा ठरणार नाही. इस्पितळातल्या डॉक्टरला नातेवाइकांशी दोन शब्द माणसासारखे बोलता यावेत म्हणून हे चांगलंच. तरी काकांना हा कायदा आवडणार नाही. 'पुरावा नाही तर माफी कसली?' असंच विचारतील.

आमच्या अध्यक्षांनाही पुराव्याचीच धास्ती होती. "ग्रुपवर लिहिलं की स्क्रीनशॉट निघतो," ते मला म्हणाले. फुकटे लिहिताना तो निघत नसावा. अखेर तोडगा निघाला की वार्षिक सर्वसाधारण सभेत, सगळ्यांसमोर, तोंडी. काकांनी एकच अट घातली, इतिवृत्तात नोंद हवी. अध्यक्ष उभे राहिले, लाल झाले, पण स्पष्ट बोलले. काकांनी उठून हात मिळवला. वडा-चटणी आली. परवा इतिवृत्ताचा मसुदा आला. माफी 'आयत्या वेळचे विषय' या सदरात, भटक्या मांजरांच्या बंदोबस्ताखाली आहे. काकांनी लेखी हरकत घेतली आहे. इतिवृत्त कायम होईल पुढच्या वर्षीच्या सभेत. तोपर्यंत लिफ्टमध्ये दोघंही मजल्यांचे आकडे बघत उभे असतात.