भुंग्याला नॅक लागत नाही

नागपूरहून जबलपूरला गेलेल्या मराठी माणसाला भेडाघाटचा धबधबा दाखवतात, संगमरवराचा गणपती घ्यायला लावतात आणि परत पाठवतात. शहराचं दुसरं वैभव आधारतालच्या बाजूला आहे. पण तिथे नावाडी नसल्यामुळे कुणी नेत नाही. १९६४ पासून तिथे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी ज्याला नुसतं ‘तीनशे पस्तीस’ म्हणतो, ते जेएस-३३५ सोयाबीन याच विद्यापीठाचं. शहरात राज्याची वन संशोधन संस्था आहे, केंद्राची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आहे आणि तणांचा अभ्यास करणारं तण संशोधन संचालनालयही आहे.

तणांमध्ये सर्वांत बदनाम गाजर गवत. भारतात त्याची पहिली नोंद १९५५ साली झाली, पुण्यात. पुण्यात पहिल्यांदा घडलेल्या गोष्टींच्या यादीत ही सहसा वाचून दाखवत नाहीत.

थोडक्यात, महाविद्यालयाचं आवार हिरवं करायचं तर लागणारी सगळी अक्कल जबलपुरात रिक्षाच्या अंतरावर मिळते. म्हणूनच बहुधा ती आणायला कुणी जात नाही.

शिकवण्याची बाजू तर कधीच भक्कम झाली आहे. १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितला. बारा-तेरा वर्षांत विद्यापीठ अनुदान आयोगाने अभ्यासक्रम आणला आणि पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं. तासिका पन्नास होत्या. त्यांतल्या पंचेचाळीस वर्गात बसून, पाच बाहेर. पाच तासांत नदी, जंगल किंवा डोंगर पाहायचा, एखादी प्रदूषित जागा पाहायची, झाडं-किडे-पक्षी ओळखायचे आणि तलावासारखी एखादी साधी परिसंस्था अभ्यासायची. शंभरांपैकी पंचवीस गुण या भटकंतीला होते. विद्यार्थी हिशेबी असतो. पंचवीस गुणांसाठी तो नर्मदेपर्यंत जात नाही, झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जातो. तिथे गेल्या वर्षीची नर्मदा स्पायरल बाइंडिंगसकट मिळते.

तलावाची अडचण मात्र खरी आहे. परंपरा सांगते की गोंड राणी दुर्गावतीच्या नावाचा रानीताल, दासीच्या नावाचा चेरीताल आणि मंत्री आधारसिंहाच्या नावाचा आधारताल. जबलपूर म्हणजे बावन्न तालांचं शहर, असं जुनी माणसं अजून सांगतात. आज रिक्षावाल्याला रानीताल म्हटलं तर तो स्टेडियमवर सोडतो आणि चेरीताल म्हटलं तर घर नंबर विचारतो. तेव्हा ‘तलावाची परिसंस्था’ लिहायची असेल तर पर्यावरणापेक्षा इतिहासाच्या विभागाकडून मदत घेतलेली बरी.

मग आला महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा सातवा निकष. हरित परिसरासाठी त्यात पाच बाबी दिल्या होत्या: वाहनांना मर्यादित प्रवेश, सायकली किंवा बॅटरीवरची वाहनं, पादचाऱ्यांसाठी रस्ते, प्लास्टिकबंदी आणि झाडं. उत्तराचे पर्यायही तयार: चार किंवा सर्व, तीन, दोन, एक, एकही नाही. शेवटच्या पर्यायावर खूण करणाऱ्या प्राचार्यांचा पुतळा उभारायला हरकत नाही, पण तशी वेळ बहुधा आलेली नाही. पुरावा म्हणून अक्षांश-रेखांशासह फोटो जोडायचे. झाड जगलं का, हे अक्षांशावरून कळत नाही; ते कुठे मेलं एवढं अचूक कळतं.

आता एक महाविद्यालय कल्पा. नाव काहीही ठेवा, ओळखीचं वाटलं तर योगायोग समजा. तिथे हरित समिती आहे. समितीची बैठक एसी चालू असलेल्या सभागृहात होते, कारण ऊर्जाबचतीचा ठराव घामाघूम होऊन मांडणं बरं दिसत नाही. वाहनबंदीचा दिवस ठरला. सर्वांनी गाड्या फाटकाबाहेर लावल्या, फाटकासमोर कोंडी झाली, आतल्या रिकाम्या रस्त्याचा फोटो सुरेख आला. एक सायकलही आणली होती. तिच्यावर आळीपाळीने सात विभागप्रमुख बसले.

ऑगस्टच्या १६ ते २२ तारखांना तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर गाजर गवत जागरूकता सप्ताह होतो. काम साधं आहे: फुलं यायच्या आत, हातमोजे घालून रोप मुळासकट उपटायचं आणि खतात घालायचं. उशीर केला तर एकेक रोप हजारो बिया सोडतं, आणि उघड्या हातांना खाज सुटते ती वेगळी. जोडीला मेक्सिकन भुंगा आहे. १९८० च्या दशकात मुद्दाम भारतात आणलेला हा किडा पावसाळा लागला की जमिनीतून वर येतो आणि गाजर गवताची पानं फस्त करतो. तो अहवाल लिहीत नाही, समिती नेमत नाही, खाण्यापूर्वीचा आणि खाल्ल्यानंतरचा फोटो अपलोड करत नाही. त्यामुळे त्याची श्रेणी अजून ठरलेली नाही.

आपल्या कल्पित महाविद्यालयानेही भुंगे मागवले. प्रमुख पाहुणे येईपर्यंत त्यांना सोडायचं नाही असं ठरलं, आणि पाहुणे चार वाजता आले. भुंगे प्लास्टिकच्या डब्यातून आलेले, म्हणून फोटोतून डबा कापावा लागला. फाटकाजवळचं गवत पाहुण्यांना टोचेल या भीतीने आदल्या दिवशीच छाटलं होतं, तेव्हा भुंगे हिरवळीवर सोडण्यात आले. वसतिगृहामागचं गवत पुढच्या वर्षीच्या सप्ताहासाठी राखून ठेवलं आहे. त्याला आता बी धरलं आहे.