प्रोफेसर गॅरी लव्हमन यांना अनावृत पत्र



हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधला प्राध्यापक 1998 साली हॅराज या कॅसिनो कंपनीत रुजू होतो, याला कोणी अधःपतन म्हणेल. मी म्हणतो, विद्या सार्थकी लागली.

जुगारी म्हणजे सिगार ओढणारा, सुटातला धनाढ्य, असा हिंदी सिनेमामुळे आमचा समज. आपण हिशेब मांडलात आणि निघाले असे, की 26 टक्के गिऱ्हाइकांकडून 82 टक्के उत्पन्न येते. ही माणसे कोण, तर माजी शिक्षक, डॉक्टर, बँकवाले, कारखान्यातले कामगार. घरी जाता जाता स्लॉट मशीनपुढे बसणारी. उतारवयातल्या मास्तरांची इतकी आस्थेने चौकशी आमचे शिक्षण खातेही करत नाही. (मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर खुद्द गोवेकरांना 2020 पासून मज्जाव आहे. नेमके रोजचे गिऱ्हाईकच दारात अडवायचे! गोवा सरकारने आपला हिशेब वाचलेला दिसत नाही.)

आपल्या कंपनीने या मंडळींना निष्ठेचे गुण मोजणारे कार्ड दिले. ते मशीनमध्ये खुपसायचे आणि हरवू नये म्हणून वेटोळ्या दोरीने कमरेला अडकवायचे. ही दोरी ज्याला सुचली त्याने गोठा नक्की पाहिलेला असणार.

कार्डाचे औदार्यही मोजून पाहिले. स्लॉटमध्ये पाच डॉलर फिरवले की एक गुण, शंभर गुणांचा एक डॉलर. म्हणजे पाच डॉलरमागे एक सेंट. मशीन शेकडा आठ कापते असे धरले, तर त्याच पाच डॉलरमधले चाळीस सेंट कॅसिनोचे. चाळीस घ्यायचे, एक द्यायचा, वर आभार मानून घ्यायचे. व्हिडिओ पोकरमध्ये खेळणाऱ्याच्या डोक्याला थोडा वाव असतो, म्हणून तिथे एका गुणाला दहा डॉलर. कार्डाच्या डायमंड दर्जासाठी वर्षाला 15,000 गुण लागतात. बोनस सोडले तर 75,000 डॉलर मशीनमधून फिरायला हवेत. वरच्याच दराने सहा हजार गेले. मोबदल्यात रांग वेगळी आणि आखूड. 1 जानेवारीला दर्जाचे गुण पुन्हा शून्यावर.

टेबलावर तर याहून सरस न्याय. तुम्ही आज हरलात की जिंकलात, हे तिथे गौण. सरासरी पैज, तासाला किती डाव, किती तास, कॅसिनोचा टक्का, यांचा गुणाकार करून तुमचा अपेक्षित तोटा काढतात आणि फुकटचे जेवण, खोली त्या तोट्याच्या प्रमाणात. ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजून हा तोटा उणे करणारा मनुष्य कितीही नियमित येवो, त्याला नम्रपणे दुसरा खेळ सुचवला जातो, नाहीतर दार. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये अशाच एका केन उस्टनच्या खटल्यात अशांना हाकलू नका म्हटले, तर तिथे पत्ते वारंवार पिसणे सुरू झाले. निष्ठा हवी, पण हिशेब येणाऱ्याची नको.

मला सर्वांत भावले ते आपले ‘लक अँबॅसडर’. गिऱ्हाईक किती हरल्यावर उठून जाईल, याचा अंदाज संगणकाने बांधायचा आणि त्या आकड्याच्या आसपास हसतमुख कर्मचाऱ्याने छोटीशी भेट घेऊन हजर व्हायचे. आमच्याकडे धृतराष्ट्राने हे फार ढोबळपणे केले होते. पांडवांनी हरलेले राज्यच्या राज्य परत केले, ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले आणि वाटेतच दुसऱ्या डावाचे बोलावणे गेले. खर्च अफाट! आपण असता तर एका जेवणाच्या कुपनात युधिष्ठिर बसून राहिला असता.

जानेवारी 2015 मध्ये सीझर्सच्या (म्हणजे नाव बदललेल्या हॅराजच्या) मुख्य उपकंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा या निष्ठावंतांच्या योजनेची किंमत धनकोंनी एक अब्ज डॉलर धरली. कर्जात बुडालेल्या कंपनीला किती गुण मिळाले, कोणता दर्जा मिळाला, तेवढे कळवावे. सहा हजारांवर डायमंड, तर अब्जावधींवर काहीतरी असणारच.



आपला,
कार्ड नसलेला एक वाचक