विहीर कुठाय?

आमच्या पट्ट्यात घर बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, स्टेशन किती लांब. दुसरा, भाव काय. पाण्याचं तो टोकन भरून झाल्यावर विचारतो. अकरा वर्षांपूर्वी मीही याच क्रमाने विचारलं होतं. आज लिहायचं आहे ते त्या तिसऱ्या प्रश्नावर.

पट्टा म्हणजे बदलापूर सुटल्यानंतरचा. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत. त्यातलं माझं गाव कोणतं ते लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट हीच राहते. लालबागला चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसं होतो. मुलगी दहावीला गेली तेव्हा रात्री अभ्यासाला तिच्या वाट्याला मोरीशेजारचा ओटा आला. पागडीच्या त्या खोलीच्या पैशांत इथे वन बीएचके मिळालं आणि चंदेरीचा सुळका दिसणारी गॅलरी.

मला त्याचा पश्चात्ताप नाही. रात्री बदलापूरला डबा रिकामा होतो, दारात गार वारा लागतो आणि भाद्रपदात त्या वाऱ्याला भाताचा वास असतो. मला तो ओळखता आला नव्हता. आई देवगडहून मुंबईत आली त्याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. पहिल्याच रात्री ती गॅलरीत उभी राहिली आणि म्हणाली, "भात पोटरेक इलो दिसता." त्या एका वाक्यासाठी मी हे घर पुन्हा घेईन.

पण हे गाव आम्ही बघतो कधी? पावणेसहाला घर सोडायचं, नऊला परत. गाडीचे जायचे दोन तास, यायचे दोन, वर स्टेशनची पायपीट आणि रिक्षाची रांग. दिवसाचे पाच तास झाले. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरा, पंधराशे तास होतात. म्हणजे बासष्ट दिवस. वर्षातले दोन महिने आमचा मुक्काम लोकलमध्ये असतो. आम्हाला निदान बसायला मिळतं. बदलापूरला चढणाऱ्याला पाय टेकायला जागा नसते, त्यात अंबरनाथची माणसं जागा धरायला उलटी बदलापूरला येतात. दारात लटकायची कुणाला हौस नसते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जात असताना दारातली माणसं रुळांवर पडली, आणि त्यांतली काही घरी परतलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यात कुणी पत्ते काढले नाहीत.

याच गाडीच्या भरवशावर गिरणी कामगारांच्या घरांसाठी शेलू आणि वांगणी ही नावं पुढे आली. आकडा ८१ हजार घरांचा. १८ जानेवारी १९८२ च्या संपात ज्यांचं आयुष्य उधळलं गेलं, ज्यांच्या गिरण्यांच्या जमिनींवर आज टॉवर उभे आहेत, त्यांना म्हातारपणी शेलूला पाठवायचं. ९ जुलै २०२५ ला ते आझाद मैदानात जमले आणि मुंबईतच घर मागितलं. मी याच पट्ट्यात राहतो, मला तो आवडतो, आणि तरी मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. मी इथे आलो तो माझ्या हिशेबाने आलो. त्यांचा हिशेब दुसऱ्याने करायचा नाही.

आता तो आकडा पट्ट्याच्या बाजूने बघा. घरटी चार माणसं धरली तर सव्वातीन लाख होतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या कुळगाव-बदलापूर शहराची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. म्हणजे दोन खेडेगावांच्या आसपास जवळजवळ दोन बदलापुरं. ही माणसं कुठल्या गाडीत चढणार हे बऱ्याच जणांनी विचारलं. ती पाणी कुठलं पिणार, हे मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

दवाखाना, शाळा, रात्री दहानंतरची रिक्षा, यांवर पुढे कधीतरी. आज पाणीच.

उल्हास नदी आमच्या उशाला आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. आसपासच्या गावांतली माणसंही मदतीला धावली होती. त्याच नदीच्या खोऱ्यात एप्रिल संपत आला की आमच्या सोसायटीच्या फाटकात टँकर उभा राहतो. पाऊस इथे भरपूर पडतो. त्याला थांबायला जागा उरलेली नाही.

भाताचं खाचर कधी जवळून बघितलंत? चारी अंगांना बांध आणि आत घोटाभर पाणी. आवणीपासून भात पिकायला लागेपर्यंत ते तिथे उभं असतं, सावकाश जिरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरीला जाऊन मिळतं. शेतकऱ्याने भातासाठी अडवलेल्या पाण्यावर अख्ख्या गावाचा उन्हाळा निघतो. खाचरात मुरूम टाकला, वर पेव्हर ब्लॉक बसवले, की तेच पाणी जुलैत रस्त्यावर येतं आणि मेमध्ये विहिरीत नसतं. माझी इमारतही खाचरावरच उभी आहे. मागच्या भिंतीपाशी जुन्या बांधाचा हातभर तुकडा अजून शिल्लक आहे. पोरं त्याला सायकली टेकवून ठेवतात.

मेअखेरीला स्टेशनच्या जिन्याखाली ठाकरवाडीतली एक मावशी शेवळं घेऊन बसते. वळवाच्या सरी पडल्या की रानात उगवणारे जांभळट कोंब, वेताच्या टोपलीत, पळसाच्या पानांवर मांडलेले. प्रत्येक जुडीबरोबर ती मूठभर काकडं देते, हिरवी, टणक, आंबट फळं. "काकडं टाकल्याबगर रांधू नको, नरडं खाजंल," हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, मागच्या वर्षी घेऊन गेलेल्यालाही. यंदा जुडी दहा रुपयांनी महाग झाली होती. माझ्या पुढच्या बाई भाव करायला लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "मागल्या माळाला तार मारली. आता पार डोंगराच्या कुशीत जावं लागतं. अंधारात निंगते मी."

त्या तारेवर बोर्ड आहे. त्यावर लिहिलं आहे, निसर्गाच्या सान्निध्यात एनए प्लॉट. मला तो बोर्ड बघून रोज राग येतो. ज्या माळावर शेवळं उगवायची तो सपाट करून त्याच माळाच्या नावावर पैसे घेतात, आणि घेणारे आपलेच असतात, दादर-घाटकोपर-भांडुपचे.

बिल्डर, अधिकारी, पुढारी यांच्यावर लिहायला इतर सदरं आहेत. मला आमच्याबद्दल लिहायचं आहे. आमच्या सोसायटीत २१६ घरं. निम्म्याहून अधिक लोकांचं मत अजून मुंबईत आहे, रेशनकार्डही तिथलंच. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: "तिकडच्या खोलीचं पुढेमागे काही झालं तर?" ही धास्ती मला कळते. चाळीत वाढलेला माणूस कागद सोडत नाही. मीही आठ वर्षं सोडला नव्हता. पण त्या धास्तीपायी आम्ही ज्या गावात झोपतो, ज्याचं पाणी पितो, तिथे आमची गणतीच नाही.

कारण गावच्या मतदार यादीत नाव असेल तरच माणूस ग्रामसभेचा सदस्य. वर्षाला किमान चार सभा घ्यायच्या असतात आणि त्या सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला होतात. चारही दिवस सुट्टीचे! बासष्ट दिवस गाडीत काढणारा माणूस नेमका त्या दिवशी घरी असतो, आणि त्या दिवशी आम्ही मॉलला कल्याणला जातो. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतला कमी आकडा पुरतो. शंभर माणसं. आमच्या एका सोसायटीत तिप्पट मतदार निघतील. इमारतीचा नकाशा ग्रामसभेत मंजूर होत नाही, हे मला माहीत आहे. पण नळयोजना, विहिरीचा गाळ, कचरा, रस्त्यावरचे दिवे, गावाचा विकास आराखडा, हे विषय तिथेच येतात. बोलायचं तर तिथे बोलायचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टँकरवाल्याला शिव्या देऊन काही होत नाही.

यंदा १ मेला आम्ही सात जण गेलो. यादीत पाचांची नावं होती, दोघांना मागे बसायला सांगितलं. ते बरोबरच होतं. शाळेच्या वर्गात सतरंज्या अंथरल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी टँकरचा महिन्याचा खर्च सांगितला, नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी येतं ते सांगितलं. पुढच्या सतरंजीवरून एक आजोबा उठले. पंचाहत्तरी ओलांडलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आवाज अजिबात न चढवता त्यांनी विचारलं, "पानी मागतोस, बराबर हाय. आपली विहीर कुठाय, ठावं हाय का तुला?"

सातांपैकी एकालाही माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी त्या विहिरीचं पाणी पितो आहे.

सभा उठल्यावर ते आम्हाला घेऊन गेले. स्मशानाच्या वाटेने, दोन बांध ओलांडून. दगडी बांधकामाची जुनी विहीर, काठावर उंबर, आत उतरणारी पाइपलाइन. तळाला पाणी दिसलं, ताटाएवढं चकाकणारं. वरच्या अंगाला, विसेक पावलांवर, लाल मुरमाचे ढीग पडलेले आणि डंपरची चाकोरी ताजी. आजोबा काठाच्या दगडावर हात टेकून आत बघत होते. "वरची दोन्ही खाचरं माझीच व्हती," ते म्हणाले. "मीच इकली." पुढे ते बोलले नाहीत. आमच्यापैकीही कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी विकली तेव्हाच तर आमच्यासारख्यांनी घेतली.

परतल्यावर मी चारही विंगच्या जिन्यांत कागद लावला. मत इथे आणा, नमुना ८ भरून देतो, दर रविवारी सकाळी दहा ते बारा, बी विंग, तळमजला. १५ ऑगस्टच्या सभेत आम्हाला एकच मागणी मांडायची आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला आणखी भराव पडू द्यायचा नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढायचा. शंभर नावं हवीत. काल रात्रीपर्यंत एकोणचाळीस झाली. त्यांतला पहिला अर्ज माझ्या आईचा. १९७१ पासून तिचं नाव लालबागच्या यादीत होतं. अर्जावर सही करताना तिने आधी मला विहिरीत पाणी किती आहे ते विचारलं.