गांडुळाची ई-केवायसी

शासनाचा समतोल वाखाणण्याजोगा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला २,४८१ कोटी रुपये मंजूर झाले. रासायनिक खतांचे अनुदान वर्षाला दीड लाख कोटींच्या वर. निसर्ग मुळात काटकसरी, त्याला एवढे पुरते.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांत, यंत्रावर अंगठा टेकवला की हातात. (दुकानात असली तर.) ज्याने रसायन टाकलेच नाही, त्याने मात्र सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी ‘टाकले नाही’ हे सिद्ध करायचे: नोंदवह्या, शेतपाहणी, गटाच्या सह्या, रूपांतरणाची दोन-तीन वर्षे. रास्तच आहे. संशय घ्यायचा तर शेणावरच घ्यावा.

आता पुढचे पाऊल म्हणून प्रत्येक गांडुळाची ई-केवायसी व्हावी. अडचण एकच, त्याला अंगठा नाही. तो फुटेपर्यंत त्याच्या वाट्याचे अनुदान युरियाकडे वळते करावे.